फळमाशीची अळी ओळखताना: कारल्याची एक बरणी, संत्र्याची एक

पितृपक्ष लागला की आमच्या भागात कारल्याला भाव येतो, कारण श्राद्धाच्या पानात कारल्याची भाजी लागतेच. त्याच पंधरवड्याच्या तोंडावर, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शेजारच्या वावरातले काकाजी हातात एक पिशवी घेऊन आमच्या ओसरीवर आले. पिशवीत सात-आठ कारली आणि चार संत्री होती. कारली एका अंगाने वाकलेली, देठाकडे हिरवी आणि टोकाकडे अवेळी पिवळी पडलेली होती. संत्री आंबिया बहाराची, झाडाखालून वेचलेली होती आणि प्रत्येकावर टाचणीने टोचल्यासारखे एक छिद्र होते.

"दोन्हीतबी अयी हाय बाप्पा," काकाजी म्हणाले. "एकच दवाई सांग, दोन्हीवर मारून टाकतो."

आमच्या वऱ्हाडीत अळीला अयी म्हणतात, आणि कोणत्याही पिकात ती दिसली की पुढचा प्रश्न औषधाचाच असतो. मी काकाजींना औषध सांगितले नाही. दोन दिवस थांबा आणि ही फळे माझ्याकडे ठेवून जा, एवढीच विनंती केली. ते नाराज झाले हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले, पण फळे ठेवून गेले.

थांबा म्हणण्याचा धीर मला मागच्या हंगामाने दिला होता. त्या वर्षी माझे स्वतःचे अर्ध्या एकरातले कारले मांडवावर छान चढले होते आणि पहिल्याच तोड्याला फळात अळ्या निघाल्या. मी तालुक्याच्या गावी एका दुकानात गेलो आणि "कारल्यात अळी आहे" एवढेच सांगितले. दुकानदाराने फळ पाहिले नाही, अळी कशी दिसते हे विचारले नाही, आणि कपाशीच्या बोंडअळीसाठी जे औषध तो रोज विकतो त्याचीच बाटली माझ्या हातात ठेवली. आठ-आठ दिवसांच्या अंतराने मी तीन फवारण्या केल्या आणि प्रत्येक तोड्यात अळ्या तेवढ्याच निघत राहिल्या. निम्म्याच्या आसपास माल टाकून द्यावा लागला. जी अळी फळाच्या गरात बसलेली आहे तिच्यापर्यंत सालीवर पडलेले औषध पोहोचत नाही, आणि जी माशी बाहेरून येऊन अंडी घालते ती त्या औषधाची गिऱ्हाईक नव्हतीच. मुळात ती अळी बोंडअळीच्या जातकुळीतली नाही, हे मला त्या वेळी कोणी सांगितले नाही आणि मीही पाहिले नाही. त्या तीन फवारण्यांचा खर्च मला अजून आठवतो. त्याहून जास्त आठवते ते हे, की पंप पाठीवर घेणारा गडी ते विष विनाकारण श्वासात घेत होता. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान केले. तेव्हापासून आमच्याकडे 'अळी' म्हटले की कपाशी आणि पंप एवढेच डोळ्यांसमोर येते.

खरी अडचण आपल्या शब्दापासूनच सुरू होते. मराठीत 'अळी' हा शब्द आपण पतंगाच्या पिल्लालाही वापरतो, भुंगेऱ्याच्या पिल्लालाही वापरतो आणि माशीच्या पिल्लालाही वापरतो. ही तिन्ही पिल्ले दिसायला मऊ, लांबट आणि वळवळणारी असली तरी त्यांची घडण वेगळी असते, आणि ती वेगळी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पतंगाच्या अळीला स्पष्ट, कडक डोके असते, छातीपाशी तीन जोड्या खरे पाय असतात आणि मागे पोटाखाली मांसल पायांच्या जोड्या असतात. बोंडअळी, वांग्यातील शेंडा व फळ पोखरणारी अळी किंवा कारल्याची पाने जाळ्याने जोडणारी आणि कधीकधी फळातही शिरणारी, पाठीवर दोन पांढऱ्या रेघा असलेली हिरवी अळी, या सगळ्या याच प्रकारात मोडतात. भुंगेऱ्याच्या अळीचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे हुमणी: तपकिरी डोके, तीन जोड्या पाय आणि इंग्रजी सी अक्षरासारखे वाकलेले अंग. आंब्याच्या कोयीत सापडणाऱ्या सोंड्याच्या अळीला पाय नसतात, पण तपकिरी डोके तिलाही असते. माशीच्या अळीला मात्र पाय नसतात आणि डोके म्हणावे असे काही बाहेरून दिसतच नाही. एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला बोथट, अशी ती दुधाळ पांढऱ्या रंगाची मऊ खुंटी असते.

काकाजी गेल्यावर मी ताटात एक कारले घेतले आणि उभे चिरले. चिरताना सुरी मधोमध न घालता एका कडेने घालावी, म्हणजे अळ्या कापल्या जात नाहीत. आतला गर पाणचट होऊन करडा पडला होता आणि बियांच्या भोवती अळ्या एकमेकींना खेटून होत्या. बाहेरून मात्र त्या कारल्यावर मोठे छिद्र कोठेही नव्हते. मादी माशी आपल्या पोटाच्या टोकाशी असलेल्या सुईसारख्या नळीने कोवळ्या फळाची साल टोचते आणि सालीच्या खाली अंड्यांचा लहानसा पुंजका ठेवते. टोचलेल्या जागी पाझरलेला रस सुकून तपकिरी ठिपका होतो, आणि त्या बाजूची वाढ खुंटल्यामुळे फळ त्याच अंगाला वाकते. कारल्याच्या खडबडीत सालीवर हा ठिपका शोधायला डोळा तयार व्हावा लागतो, म्हणून मी आधी वाकडेपणा पाहतो आणि मग वाकलेल्या अंगाच्या खोबणीत ठिपका शोधतो. मोठे छिद्र दिसते ते शेवटी, जेव्हा पोसलेली अळी फळातून बाहेर पडते.

दहा पट मोठे दाखवणारे भिंग माझ्याकडे आहे. दागिन्यांचे काम करणारे कारागीर डोळ्याला लावतात तसे ते आहे. त्याखाली एक अळी काचेच्या पट्टीवर घेतली. साधारण ८ ते १० मिलिमीटर लांबीची, म्हणजे पूर्ण वाढीची ती असावी. निमुळत्या टोकाशी कातडीतून आत दोन काळे आकडे दिसत होते आणि ते पुढे-मागे होत होते. हेच तिचे तोंड. या आकड्यांनी ती गर खरवडते आणि पातळ झालेला रस शोषून घेते. बोथट टोकाशी दोन तपकिरी ठिपके होते, आणि मला इथेच सर्वांना थांबवून दाखवावेसे वाटते, कारण जो कोणी ही अळी पहिल्यांदा पाहतो तो या ठिपक्यांना डोळे समजतो आणि अळीचे शेपूट म्हणजे डोके धरून चालतो. माझ्या दहावीतल्या पुतणीनेही तसेच म्हटले. ते ठिपके म्हणजे श्वासरंध्रे. अळी तोंडाकडून रसाळ गरात बुडालेली असते, म्हणून श्वास घेण्याची सोय तिच्या मागच्या टोकाला आहे.

पुतणीने दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली तेच टोक पाहिले आणि वहीत चित्र काढून आणले. प्रत्येक ठिपक्यात तीन लांबट फटी, जवळजवळ एकमेकींना समांतर. फळमाशीच्या अळीची ही एक भरवशाची खूण आहे. श्वासरंध्रांच्या खाली, त्याच बोथट टोकावर, एक बारीक काळपट वाकडी रेघही तिला दिसली. भोपळावर्गीय फळमाशीच्या पूर्ण वाढलेल्या अळीवर अशी रेघ असते आणि आंबा-पेरूवरील फळमाशीच्या अळीवर ती नसते. तरीही केवळ त्या रेघेवरून नाव ठरवू नये असे माझे मत आहे, कारण लहान वयाच्या अळीवर ती दिसत नाही आणि नवख्या डोळ्याला कातडीची साधी घडीही रेघ वाटू शकते.

अळी जपून ठेवायची असेल, तर एक गोष्ट मी अनुभवाने शिकलो. जिवंत अळी सरळ स्पिरिटमध्ये टाकली की ती आक्रसते आणि काळी पडते, मग तिच्यावरचे काहीच वाचता येत नाही. आधी जवळजवळ उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवावी, म्हणजे ती ताठ, लांब आणि पांढरीच राहते. त्यानंतर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली की वर्षभरानेही ती जशीच्या तशी पाहता येते.

ज्यांच्याकडे भिंग नाही त्यांच्यासाठी निसर्गानेच एक सोपी परीक्षा ठेवलेली आहे. उरलेल्या अळ्या मी जुन्या वर्तमानपत्रावर पसरल्या आणि पुतणीला शांत बसून पाहायला सांगितले. लहान अळ्या नुसत्या सरकत राहिल्या. पण एक पोसलेली अळी थांबली, तिने आपले अंग कमानीसारखे वाकवले, तोंडातील आकड्यांनी स्वतःचेच मागचे टोक पकडले, अंगात ताण भरला आणि एकदम सोडून दिले. ती टप्पकन उडून वीतभर अंतरावर पडली. पडताना कागदावर ज्वारीचा दाणा पडल्यासारखा आवाज झाला. जमिनीत शिरण्याची वेळ झालेली फळमाशीची अळी अशी उडी मारते, कारण फळातून बाहेर पडल्यावर मुंग्यांच्या आणि उन्हाच्या तावडीतून सुटून तिला मऊ माती गाठायची असते. सडक्या फळात हमखास सापडणाऱ्या दुसऱ्या बारीक अळ्या, म्हणजे लाल डोळ्यांच्या चिलटांच्या, अशा उड्या मारत नाहीत.

या चिलटांच्या अळीमुळे आमच्या भागात सर्वांत जास्त गोंधळ होतो. ती फळमाशीच्या अळीच्या निम्म्याएवढीच, जवळजवळ पारदर्शक असते आणि तिचे मागचे टोक बोथट नसून निमुळते होत दोन लहान नळ्यांनी संपते. तिचा कोषही वेगळा, पुढच्या बाजूला दोन शिंगे फुटल्यासारखा असतो. ती आधीच फुटलेल्या, आंबलेल्या फळावर येते, धडधाकट फळ बिघडवत नाही. म्हणजे जिथे ती दिसते तिथे फळाचा नाश दुसऱ्याच कोणीतरी केलेला असतो, आणि आपण मात्र तिलाच गुन्हेगार ठरवून मोकळे होतो. उकिरड्यावर टाकलेल्या फळांच्या ढिगात आणखी एक मोठी, चपटी, तपकिरी, कडक कातडीची अळी दिसते. ती सडका कचरा खाणाऱ्या एका काळ्या माशीची असते आणि झाडावरच्या फळाशी तिचा काही संबंध नसतो.

एवढे पाहूनही ही अळी फळमाशीची आहे एवढेच खात्रीने म्हणता येते. कोणत्या फळमाशीची, हे अळीवरून ठरवणे जाणकारालाही अवघड जाते, आणि हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातील आंब्यासह कारले, पडवळ, वांगे आणि अळूच्या पानांवर बंदी घातली, तेव्हा फळमाश्या आणि इतर किडी मालात सापडणे हेच कारण होते. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. बंदरावर तपासणी करणाऱ्यांच्या हाती बहुधा अळीच लागते, आणि तिची माशी होईपर्यंत थांबायला त्यांना वेळ नसतो, म्हणून ते तिच्या पेशींमधील डीएनए वाचून नाव ठरवतात. आपल्याला तसली घाई नाही. आपण अळीला माशी होऊ द्यावे, म्हणजे ती आपले नाव स्वतःच सांगते.

त्यासाठी मी दोन रुंद तोंडाच्या बरण्या घेतल्या. नदीची रेती चाळून, उन्हात वाळवून, पुन्हा पाण्याचा हलका शिपका देऊन तिचा दोन-तीन बोटे जाड थर तळाशी घातला. रेती मुठीत धरली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतपतच ओल असावी. रेतीवर जाळीचा तुकडा उंचावर बसवून त्यावर फळ ठेवले, म्हणजे फळाचा रस रेतीत उतरून तिचा चिखल होत नाही. तोंडाला धोतराच्या जुन्या कापडाचा तुकडा रबराने बांधला आणि बरण्या ओसरीवर सावलीत, मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या परातीत ठेवल्या. एका बरणीवर 'कारले' आणि दुसरीवर 'संत्रे' अशी चिठ्ठी चिकटवून पुतणीने तारीख घातली. एका बरणीत दोन प्रकारची फळे कधीही ठेवू नयेत, नाहीतर कोणती माशी कशातून निघाली हे कळत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

पाचव्या दिवशी कारल्याच्या बरणीतील फळ चिपाड झाले होते आणि अळ्या दिसेनाशा झाल्या होत्या. चमच्याने रेती हळूच बाजूला केली तेव्हा गव्हाच्या दाण्यापेक्षा किंचित लहान, पिंपाच्या आकाराचे तपकिरी कोष निघाले. एकूण अकरा. रेशमाच्या किड्याप्रमाणे ही अळी बाहेरून धागा गुंडाळत नाही. तिची शेवटची कातडीच आकसून, कडक होऊन तिचा कोष होते. म्हणूनच भिंगाखाली कोषाच्या टोकालाही ते दोन श्वासरंध्रांचे ठिपके तसेच दिसतात. पुतणीला हे पाहून फार आनंद झाला, आणि मलाही, कारण मागच्या वर्षी हे कोष माझ्या मांडवाखालच्या मातीत वरच्या दोन-तीन इंचांत हजारोंनी पडलेले असणार आणि मी मात्र वर पानांवर फवारत होतो.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी बरणीतील रेती एका जागी हलली. कोषाच्या पुढच्या टोकाचे टोपण उघडून एक ओलसर, फिकट, पंख चुरगळलेली माशी वर आली. तिच्या कपाळावर एक फुगा फुगत आणि बसत होता, त्याच्याच जोराने ती टोपण उघडते आणि माती सारते. दोन दिवसांत नऊ माश्या निघाल्या. नुकत्याच निघालेल्या माशीचा रंग पक्का नसतो, म्हणून तिला लगेच ओळखायला जाऊ नये. कापसाच्या बोळ्यावर साखरेचे पाणी देऊन चार-पाच दिवस जगवावे. त्यानंतर त्यांच्या तांबूस-पिवळ्या पाठीवर तीन पिवळे पट्टे स्पष्ट दिसले, दोन कडेला आणि एक मधोमध. पंखाच्या वरच्या कडेने गडद पट्टा जाऊन टोकाशी रुंद झालेला होता आणि पंखाच्या आतल्या आडव्या शिरेवरही काळपट छाया होती. हीच भोपळावर्गीय फळमाशी. २०१५ पर्यंत तिला बॅक्ट्रोसेरा कुकुर्बिटी म्हणत, आता शास्त्रज्ञ तिला झ्युगोडॅकस कुकुर्बिटी म्हणतात. दहाव्या कोषातून माशी न निघता लांब शेपटीची एक लहान गांधीलमाशी निघाली, जी फळमाशीच्या पिल्लाच्या अंगातच वाढते आणि त्याला संपवते. ती मी कारल्याच्या मांडवात नेऊन सोडली. अकरावा कोष तसाच राहिला.

संत्र्याची बरणी मात्र वेगळेच सांगत होती. चारपैकी दोन फळे मी पहिल्याच दिवशी चिरली होती. एकात छिद्राच्या आसपासचा गर कोरडा, स्पंजासारखा झालेला होता आणि अळी एकही नव्हती. दुसऱ्यात सडलेल्या भागात बारीक पारदर्शक अळ्या होत्या, ज्यांनी वर्तमानपत्रावर उडी मारली नाही. बरणीतल्या दोन फळांतून पुढे फक्त लाल डोळ्यांची चिलटे निघाली, आणि रेती चाळली तेव्हा पिंपासारखा एकही कोष मिळाला नाही. चार फळांवरून निष्कर्ष काढणे बरे नव्हे, म्हणून काकाजींबरोबर मी त्यांच्या बागेत गेलो आणि वेगवेगळ्या झाडांखालची वीस फळे वेचली. बारा फळांवर टाचणीचे छिद्र होते आणि आत फळमाशीची अळी नव्हती. पाच फळे छिद्राविनाच देठाकडून सडत आली होती, म्हणजे ते बुरशीचे काम होते. तीन फळांत मात्र पोसलेल्या, उडी मारणाऱ्या अळ्या होत्या.

त्या तीन फळांसाठी वेगळी बरणी भरली. तिच्यातून निघालेल्या माश्या कारल्याच्या नव्हत्या. पाठीचा रंग काळसर, पिवळे पट्टे दोनच आणि तेही कडेला, मधला पट्टा नाही, पंख स्वच्छ आणि कडेला अगदी अरुंद रेघ, पोटावर काळ्या रंगात टी अक्षरासारखी खूण. ही बॅक्ट्रोसेरा डॉर्सेलिस, जी आंबा, जाम, पपई, संत्रे अशा कितीतरी फळांवर येते. (आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात.) जामावर हिच्या दोन भावंडांचीही गाठ पडते. त्यांच्या पंखांवर अखंड रेघ नसून फक्त टोकाशी ठिपका असतो. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गावरान बोरातली अळी तर आणखी निराळ्या माशीची. ती जवळजवळ बोरापुरतीच राहते.

काकाजींनी मला विचारले, की सापळा लावला असता तर हे सगळे आपोआप कळले नसते का. प्रश्न रास्त होता. सापळ्यांचा पाया आपल्याच देशात घातला गेला. बिहारमधील पुसा येथे काम करणाऱ्या एफ. एम. हाउलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये सिट्रोनेला तेलाकडे नर फळमाश्या ओढल्या जातात हे नोंदवले आणि १९१५ मध्ये त्यामागचे मिथिल युजेनॉल हे द्रव्य दाखवून दिले. आज संत्रे, आंबा, जाम यांच्यासाठी मिथिल युजेनॉलचे आणि वेलवर्गीय भाज्यांसाठी क्यू-ल्युअरचे सापळे मिळतात. पण सापळ्यात फक्त नर येतात, ते शेजारच्या बागेतूनही येतात, आणि वेलभाज्यांवरची डॅकस सिलिएटस नावाची एक माशी तर या दोन्हीपैकी कोणत्याच वासाला येत नाही. सापळा रिकामा आणि फळात अळी, असे होऊ शकते, आणि सापळा भरलेला पण फळ दुसऱ्याच कारणाने पडलेले, असेही होऊ शकते. आपल्या फळात कोण आहे हे फळच सांगते.

कारल्याचा निकाल लागल्यावर काकाजींनी वाकडी, पिवळी पडलेली सगळी कारली रोज वेचून दोन फूट खोल पुरायला सुरुवात केली, वेलीखालची वरची माती डवऱ्याने हलवून घेतली आणि क्यू-ल्युअरचे सापळे टांगले. संत्र्याच्या बागेत मिथिल युजेनॉलचे लावले, कारण वीसमधली ती तीन फळे खोटी नव्हती. बोंडअळीचे औषध दोन्हीकडे मारले नाही.

राहिली ती छिद्राची, पण अळी नसलेली बारा फळे. रात्री साडेआठच्या सुमारास आम्ही टॉर्च घेऊन बागेत गेलो. तिसऱ्याच झाडावर एका पिवळ्या होत आलेल्या संत्र्यावर दोन तांबडे ठिपके चमकले. ते या वेळी खरोखरच डोळे होते. तळहाताच्या निम्म्याएवढा, वाळक्या पानासारखा एक पतंग आपली सोंड फळात खुपसून बसला होता. टॉर्चच्या उजेडात तो फडफडला तेव्हा त्याचे मागचे पंख नारिंगी आणि त्यांवर काळी वाकडी खूण असल्याचे दिसले. हा फळातील रस शोषणारा पतंग. तो फळात अंडी घालत नाही. त्याने केलेल्या छिद्रातून बुरशी शिरते, चिलटे येतात आणि आपण त्या चिलटांच्या अळीला दोष देतो.

"मंग ह्याची अयी कुठी हाय?" काकाजींनी विचारले.

त्याची अळी गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बागेच्या धुऱ्यावरच्या कडुलिंबावर चढलेली गुळवेल पाने उलटी करकरून पाहिली आणि पुतणीलाच ती पहिल्यांदा सापडली. गडद तपकिरी, मखमली, अंगाच्या बाजूला डोळ्यांसारखे मोठे ठिपके असलेली. हात लागताच तिने डोके खाली वाकवले आणि मागचे टोक उंच केले. "हिला पाय आहेत काका, आणि डोकेही आहे," पुतणी म्हणाली.

वेल तोडायची ठरली तेव्हा काकू मध्ये पडल्या. घरात कोणालाही ताप आला की त्या गुळवेलीचाच काढा देतात. "पुरी नोका तोडू, माह्या काढ्यापुरती राहू द्या," असे त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच होते. धुऱ्यावरच्या वेली काढल्या, विहिरीजवळची एक ठेवली, आणि तिच्यावरच्या अळ्या वेचण्याचे काम काकूंनी स्वतःकडे घेतले. धुऱ्यावर सापडलेली ती अळी पुतणीने गुळवेलीच्या पानांसह नव्या बरणीत ठेवली आहे. कालपासून तिने खाणे थांबवले असून दोन पाने रेशमाने एकमेकांना जोडून ती आत शिरली आहे.